सातव्या मिनिटाची खोट

—नाही नाही, बोलू नका. बोललात की हनुवटी हलते, हनुवटी हलली की आकडा चुकतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. कपाळ पट्टीला टेकवा. हां, अस्सं. आत लांबलचक रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा — मानेनंसुद्धा ‘हो’ म्हणायचं नाही हो! फुगा दिसतो हे मला माहीत आहे, तो सगळ्यांना दिसतो. चष्म्यावर बसलात म्हणालात ना? हॉटेलच्या खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावरच बैठक मारलीत. लाजू नका, आठवड्याला दोन तरी येतात असे बसलेले. आणि चारच्या आत पाहिजे, कारण चारला थिएटरात पोचायचंय — ओळखलं मी. दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं, गळ्यातल्या महोत्सवाच्या पट्ट्यावरून. तीन दिवस झाले, या रस्त्यावर नुसते पट्टे फिरतायत. खांद्याला कापडी पिशवी, हातात कागदी पेला, आणि रस्ता ओलांडताना गाड्यांकडे न बघता आभाळाकडे बघायचं. काल एकजण माझ्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढत उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी बाहेर जाऊन विचारलं, काही हवंय का? तर म्हणतो, नाही, ही जीर्णता फार सुंदर आहे. जीर्णता! गेल्याच वर्षी रंगवून घेतलीय मी ती पाटी.

हसू नका, हसलात तरी हलतं. झाला उजवा. आता डावा. मी नाही घाबरत महोत्सववाल्यांना, आमच्या घरातच एक पोसलाय ना. धाकटा भाऊ. स्वतंत्र दिग्दर्शक, असं कार्डावर छापून घेतलंय त्यानं — स्वतंत्र म्हणजे कुणी कामावर ठेवलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण छापल्यावर बरं दिसतं. लांब दुसऱ्या शहरात राहून लघुपट करतो. पहिला केला तो पाण्याच्या टाकीवर. नऊ मिनिटं टाकी. मी विचारलं, अरे, पुढे काय होतं? तर म्हणाला, ताई, काहीच होत नाही, तेच तर आहे. दुसऱ्यात एक बाई जिना उतरते. उतरते म्हणजे उतरतच राहते. मी म्हटलं, अरे, तिचे गुडघे तरी बघ. तर चार दिवस बोलला नाही माझ्याशी. आणि यांच्या पोस्टरवर ती दोन डहाळ्यांची चित्रं असतात ना, मध्ये बारीक अक्षरात ‘अधिकृत निवड’ — त्या डहाळ्यांसाठी जीव टाकतात हो ही माणसं! टाकीला तीन मिळाल्या. त्यातली एक तर अशा महोत्सवाची, की जो कुठे भरतच नाही, नुसता संगणकावर असतो आणि दर महिन्याला ‘या महिन्यातला सर्वोत्तम’ म्हणून चाळीस जणांना निवडतो. दुसऱ्या एका ठिकाणी हा स्वतः जाऊन आला, रात्रभर बसून प्रवास करून. थिएटरात माणसं किती? अकरा. अकराही दिग्दर्शक. आपला सिनेमा संपला की प्रत्येकजण उठून फोन कानाला लावत बाहेर. याचा शेवटचा होता. शेवटी आत हा आणि झाडूवाली. झाडूवालीनं पूर्ण बघितला, हे तो अजून अभिमानानं सांगतो.

उठवा डोकं. या, या खुर्चीत बसा. ही फ्रेम घालते, जड आहे, नाकावर रुतेल थोडी. आता समोरचा तक्ता. वाचा वरून. ...बरं. खालची? ...बरं. आता हे बरं की — हे? हे... की हे? पहिलं. तर तिसरा लघुपट केला तो बाबांवर. आमच्या वडिलांवर. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं, असं मला वाटलं होतं, कारण बाबा निदान हलतात तरी, टाकीसारखे नाहीत. बाबा कापड गिरणीत होते, तपासणी खात्यात. म्हणजे काय, सांगते. जाड काचेचं रुंद टेबल असतं, खालून दिवे. त्या काचेवरून कोरं कापड सरकत जातं, अखंड, आणि माणूस उभा राहून बघतो. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, विरळ वीण — कापडातली खोट दिसली की हातातल्या खडूनं खूण करायची. कापड थांबत नाही. तुम्ही पापणी लववलीत तर तेवढं कापड गेलं. चौतीस वर्षं केलं हे बाबांनी. खात्यात त्यांना ‘घार’ म्हणायचे. चौतीस वर्षांत घारीचा एक तागा परत आला नाही गिऱ्हाइकाकडून, एकही नाही! निरोपाच्या दिवशी मुकादम काकांनी हेच सांगितलं, दुसरं काही सांगितलंच नाही, सांगायला दुसरं काही नव्हतंच. आमच्या घरात सगळं बाद कापडाचं. माझे शाळेचे फ्रॉकसुद्धा, आतून कुठेतरी खडूची खूण असायचीच. आणि आम्हा दोघांचा खेळ काय होता माहितीये? पडद्यातली खोट शोधायची. बाबा म्हणायचे, तीन आहेत, शोधा. मला सापडायच्या. धाकट्याला कधीच सापडल्या नाहीत. पडद्यासमोर उभा राहून हा पडद्याबाहेरच्या चिमण्या बघायचा. तो आता दिग्दर्शक आणि मी चष्म्याच्या दुकानात. असो. आता हे बरं की हे?

दुसरं. बरं. तर बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी याने चार दिवस कॅमेरा लावला टेबलाच्या वर. बारा मिनिटांचा सिनेमा. शब्द एक नाही. मी म्हटलं, अरे, बाबांना बोलू दे की, इतके गमतीचे बोलतात. तर — शब्द नकोत ताई, शब्द खोटे असतात. बाकी वेळी याचे शब्द थांबत नाहीत, पण बाबांचे तेवढे खोटे! तर नुसतं कापड, बाबांचा हात, खडू, आणि यंत्राची घरघर. एकदा बाबा खोकतात. झाला सिनेमा. आता साधी गोष्ट, की नाही? ज्याच्यावर केला त्याला दाखवायचा. खात्यातले सगळे मागे लागले होते, निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये पडदा लावू, सगळे मिळून बघू. चादर बांधायलासुद्धा तयार. पण छे! मोठ्या महोत्सवांचा नियम असतो, तुम्हाला माहीतच असेल — पहिला खेळ आमच्याकडे झाला पाहिजे, आधी कुठे दाखवलेला चालणार नाही. कँटीनमध्ये दाखवला, कुणी फोनवर घेतला, कुठे टाकला, की संपलं, सिनेमा उष्टा झाला. उष्टा! बरं, घरी दाखव. एकट्या बाबांना दाखव. तर काय म्हणाला — बाबांनी तो पहिल्यांदा बघायचा तर मोठ्या पडद्यावर, भरलेल्या थिएटरात, फोनवर नाही बघायचा. आणि बाबा! बाबाही तसलेच. म्हणाले, बरोबर आहे त्याचं, थिएटरातच बघीन. सगळ्या खात्याला सांगून मोकळे झाले, की थिएटरात बघायचा आहे, तयारीत राहा. राहिले बिचारे तयारीत. तीन वर्षं.

तीन वर्षं म्हणजे कशी, ऐका. सगळ्यात मोठ्या महोत्सवाला पाठवायचा, चार महिने वाट बघायची. नकार येतो. नकार कसा येतो? ‘यंदा विलक्षण दर्जाचे चित्रपट आले, निवड अत्यंत कठीण होती.’ सगळ्यांचं पत्र तेच, मला पाठ आहे, मीच वाचून दाखवायचे त्याला फोनवर, कारण याची उघडायची हिंमत होत नसे. मग त्याच्या खालचा महोत्सव. पुन्हा चार महिने. मग त्याच्या खालचा. आणि मध्यंतरी हा काय करायचा? सिनेमाची गुप्त लिंक असते, ती कुणी किती वेळ बघितली ते कळतं. हा तिकडे खोलीत चड्डीवर बसून ते आकडे बघायचा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. दोन मिनिटं दहा. एकाने चार मिनिटं बघितला तर मला दुकानात फोन, ताई, चार मिनिटं! जसा काही मुलगा झाला. निवड समिती म्हणे. कोण असतात हो हे, जे बारा मिनिटं बसू शकत नाहीत? आमचे बाबा आठ तास उभे असायचे, कापडावरून नजर न काढता. सातव्या मिनिटापर्यंत तर कुणी पोचलंच नाही दोन वर्षं.

सातव्या मिनिटाला काय, ते सांगते. आधी चौकट पसंत करा, ही आपली काळी बरी दिसतेय तुम्हाला, उगाच तसली गोल नका घेऊ, सगळे पट्टेवाले गोलच घालतात. काचा आहेत माझ्याकडे तुमच्या नंबरच्या, कापून बसवायच्या फक्त. बसा इथे, मी मशीन लावते, घरघर होईल थोडी, मी मोठ्यानं बोलीन. तर गेल्या वर्षी तिकडे लांब, परदेशातल्या एका महोत्सवानं घेतला एकदाचा. हा गेला. खेळ झाला, दिवे लागले, आणि ते असतं ना, दिग्दर्शकाला पुढे उभं करून प्रश्न विचारायचे — तर एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, सातव्या मिनिटाला कापडाच्या डाव्या कडेला एक मोठी खोट येते, बोटभर लांब, दोन धागे तुटलेले, खालचा दिवा सरळ वर येतो त्यातून. आणि कामगार तिला खूण करत नाही. हात उचलतच नाही. जाऊ देतो. हे त्याने मुद्दाम केलं का? आता या शहाण्याला मुळात ती खोट दिसलेलीच नव्हती! वर्षभर कापत बसला होता, एकेक चित्र थांबवून बघत होता, आणि दिसली नव्हती! चिमण्या बघत असणार. पण कबूल करील तर दिग्दर्शक कसला. म्हणाला, ‘ते मी प्रेक्षकांवर सोडतो.’ टाळ्या! रात्री मला फोन, ताई, लोकांना काय काय दिसतं बघ माझ्या सिनेमात! म्हणजे यालाही तेव्हाच कळलं. आणि अरे बाबा, घारीनं खोट सोडली — सोडली कशी, हा प्रश्न पडला का तुला? चौतीस वर्षांत न सुटलेली खोट सुटते, आणि पोटच्या पोराला त्यात काही खटकत नाही, तो टाळ्या मोजतो. मला तर पहिल्यांदा बघितला तेव्हाच खटकलं होतं.

...काय? हो, मी बघितला होता. कधी म्हणजे? तेव्हाच. तीन वर्षांपूर्वी. त्याने मलाच पाठवली होती लिंक, सगळ्यांच्या आधी — तुझ्या दुकानातला पडदा चांगला आहे, पांढरा रंग पांढरा दिसतोय का, तेवढं बघून सांग. पांढरा पांढराच दिसत होता. थांबा, मशीन बंद करते. दुसरी काच लावायचीय. ही चौकट जरा घट्ट आहे, कानामागे टोचली तर सांगा, आत्ता सांगा, घरी जाऊन नका सांगू.

...तुम्ही फार बघताय माझ्याकडे. नीट दिसत नसताना. सांगते. दुसऱ्या दिवशी मी बाबांना दुकानात बोलावलं, म्हटलं, उगाच या, नंबर तपासू. ते आता तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकायला लावला, सरळ माझ्या नाकाकडे बघा म्हटलं, आणि माझं बोट कडेनं हळूहळू आत आणत गेले. दिसलं की सांगा, बाबा. बोट माझ्या खांद्यापर्यंत आलं. बाबा गप्प. कानापर्यंत आलं. गालाजवळ आलं. आणि बाबा म्हणतात — अगं, आण ना बोट. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं चोरासारखं नेतो. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, गेलं ते परत येत नाही, थेंब घाला, उरलंय ते वर्ष टिकेल, फार तर दोन. तेव्हा नीट दिसत होतं हो समोरचं! बारा मिनिटांचा सिनेमा आरामात बघितला असता.

त्याला का नाही सांगितलं? अहो, बाबांनी शपथ घातली. बाहेर आलो डॉक्टरांच्याकडून, पायरीवर थांबले आणि म्हणाले, धाकट्याला सांगायचं नाही. तो सगळं टाकून येईल आणि सिनेमा कुठेतरी घाईघाईनं लावून टाकील. लागू दे त्याचा नीट, मोठ्या ठिकाणी. मी काय करणार? वडिलांची शपथ आहे, मोडता येते का? ...नाही, असं बघू नका. ‘फक्त शपथ?’ असं विचारताय का मला, तुम्ही कोण विचारणारे? लहानपणापासून बाबांच्या कितीतरी शपथा मोडल्यात मी. पुढे शिकणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती त्यांनी, ती मोडली नसती तर हे दुकान असतं का? मोडता आली असती. एक फोन केला असता. बोटानं दाबायचा फोन, रोज दहा करते. नाही केला, कारण — कारण मला वाटलं, कळू दे. कळू दे एकदा त्याला. थेंब कोण घालतंय रोज दोनदा? मी. दवाखान्याच्या रांगेत कोण? मी. आणि हा आकडे बघतोय, चार मिनिटं ताई, चार मिनिटं! मला वाटलं, एक दिवस येईल आणि कळेल याला, की आपण वाट बघत बसलो आणि बाबांचे डोळे गेले. मला एकदा, एकदाच, त्याचा चेहरा बघायचा होता. झालं? ऐकलंत?

बघितला मी चेहरा. सात महिन्यांपूर्वी आला, किती दिवसांनी! बाबांनी हात पुढे केला हातात हात घ्यायला, तर हात लागला दाराच्या चौकटीला. हा उभाच. मग जिन्यात जाऊन बसला, माझ्या हाताला धरून विचारलं, कधीपासून ताई? मी म्हटलं, हळूहळू झालं रे, आम्हालाच कळलं नाही. खोटं बोलले तोंडावर. काही आनंद झाला नाही, सांगते तुम्हाला. बघायचा म्हणून बघितला आणि वाटलं, झक मारली आणि बघितला. तेव्हापासून हा वेड्यासारखा धडपडतोय, इथे गावात लावायचाच म्हणून. इथल्यांचंही तेच, देशातला पहिला खेळ आमचा! मिळाला एकदाचा. आज चारला. पुढची रांग राखून घेतलीय, बाबा मधोमध, दोन्ही बाजूंना अख्खं तपासणी खातं, एकवीस माणसं, मुकादम काका धरून. आणि सिनेमात शब्द एक नाही. बाबा काय ऐकणार? घरघर. आणि स्वतःचा खोकला.

पण ते सोडा. ते नाही माझ्या पोटात. पोटात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. एकवीस माणसं आहेत हो ती, जन्मभर खोट शोधणारी! सातव्या मिनिटाला, एवढ्या मोठ्या पडद्यावर, बोटभर नाही, हातभर खोट येणार डाव्या कडेनं आणि घारीचा हात हलणार नाही. ती माणसं गप्प बसतील? एकजण तरी ओरडेल, अरे, गेली! हात जातील सगळ्यांचे पुढे, खडूसाठी. आणि बाबा मध्ये बसलेत. त्यांना दिसणार नाही, पण ऐकू येतं, चांगलं येतं. विचारतील, काय गेली? काय सांगायचं त्यांना, तुमच्या हातून? चौतीस वर्षांचं एकच काय ते कमावलंय त्या माणसानं. धाकट्याला म्हणावं, कापून टाक तेवढं — तर का, हे सांगावं लागतं. आणि तो कापतोय कुठला, त्याचीच तर टाळी आहे! शिवाय इथल्या पुस्तिकेत काय छापलंय बघा. ही बघा, गिऱ्हाइकांना वाचायला ठेवून गेलेत. ‘कामगाराने जाणीवपूर्वक सोडून दिलेली ती एक खोट — यंत्रयुगाविरुद्धचे मूक बंड.’ बंड! बाबांनी बंड केलं! हे बाबांना वाचून दाखवलं तर काठी घेऊन येतील लिहिणाऱ्याच्या अंगावर. दिसलं नाही हे एक वेळ सोसतील, पण मुद्दाम सोडली म्हणजे — कोण गाढव आहे हा, ज्याने —

...तुम्ही? तुम्ही लिहिलंत? कार्ड बघू. सुलटं करा, उलटं लटकतंय मघापासून. हं. निवड समिती. म्हणजे आहात बारा मिनिटं बसणारे एक, म्हणायचं. नाही, माफीबिफी राहू द्या. तुम्हाला काय दिसणार, तुमचा नंबर बघितलाय मी आत्ताच. आणि खरं सांगू का, तुम्हाला ती खोट दिसली तरी. तिकडच्या बाईंना दिसली. चूक वाचलीत, पण दिसली. ज्याला दिसायला हवी होती त्याला दिसली नाही, आणि जिला दिसली ती — असो, असो. घ्या. घाला. कानामागे ठीक? त्या तक्त्याची शेवटची ओळ वाचा. वाचता येतेय ना, मग झालं. आता तुम्ही असं करा, चारला उठून उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा की — नको. काही सांगू नका. तुम्ही सांगायचं नाही हे —

थांबा, फोन. बाबाच. त्यांच्या फोनवर दोनच्या बटणावर मी नेलपॉलिशचा जाड ठिपका दिलाय, तेवढं चाचपून दाबतात. हॅलो. हां बाबा. कपडे घातलेत? अहो, बारा नाही वाजले! निळा? कॉलरच्या आत बघा हात लावून, दोन टाके लागले तर निळा. लागले ना, मग निळाच. कोण आलंय? काका? सगळे? घरी कशाला बोलावलंत सगळ्यांना... बरं. बाबा, जरा ऐका. निघू नका. मी येतेय. सिनेमाचंच बोलायचंय. नाही हो, रद्द नाही झाला. बाबा, त्यात सातव्या मिनिटाला — डाव्या कडेला — एक खोट सुटलीय.

...काय?

...कधी? त्याच दिवशी? म्हणजे शूटिंग संपल्यावर तुम्ही तागा पुन्हा टेबलावर चढवलात... आणि बोटानं सापडली. बोटानं. मग तुम्हाला डोळ्यांचं तेव्हाच... माझ्याकडे यायच्या आधीच? आणि खुर्चीत बसून मला म्हणालात, आण ना बोट! ...हसताय काय? काकांना द्या फोन. नको, तुम्हीच बोला. काकांनाही माहीत? सगळ्यांना? ...म्हणजे शेवटचं वर्षभर तुमचा प्रत्येक तागा काका मागे नेऊन दुसऱ्यांदा तपासत होते. आणि तुम्हाला ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते. बरं. आणि थिएटरातच बघीन, थिएटरातच बघीन, हे सगळं त्यासाठी? घरी लागला तर मला खोट दिसेल म्हणून, वेळ काढायला? ...बरं. हो. ऐकतेय. आहे मी.

...नाही बाबा. आता नाही ऐकायचं तुमचं. त्याला सांगणार मी. चारच्या आधी. तुमचे डोळे कधीपासून गेले तेही सांगणार, आणि माझंही — माझं काय ते तुम्हाला नाही माहीत. घरी आल्यावर दोघांना एकदमच सांगते. त्याला बोलावून ठेवा. हो, लगेच. काकांना म्हणावं, थांबा. कुणी हलायचं नाही.

तुम्ही अजून उभे? चष्मा झाला ना तुमचा. पेटी घ्या, आणि पुन्हा खुर्चीवर ठेवू नका. मला शटर ओढायचंय. नको, हात नका लावू, ते माझ्याच हातानं बसतं. जा तुम्ही. जा म्हटलं ना.